विकायचं तर विका, खरं आधी बहिणीला विचारा

पत्र असं आहे, थोडं आवरून देतो.

"वय ४१. बेळगावच्या दक्षिणेला आमचं गाव. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. घरी बाबा (वय ७१), आई, बायको, दोन मुलं. दीड एकर भातजमीन आहे, आजोबांना कूळ कायद्यात मिळालेली. उताऱ्यावर आता बाबांचं नाव आहे. धाकटा भाऊ पुण्यात, त्याला फ्लॅट घ्यायचा आहे. बहीण दिल्या घरी सुखी आहे, तिचा काही प्रश्न नाही. शेताच्या दोन बाजूंनी लेआउट झालेत. त्यांच्या भरावामुळं पाणी तुंबतं, दोन वर्षं मसूर हाताला लागली नाही. बायको म्हणते शहरात फ्लॅट घेऊ. एका एजंटानं चांगला दर सांगितला आणि इसार म्हणून ५१,००० रुपये माझ्याकडं ठेवून गेला. बाबांना हे माहीत नाही. ते म्हणतात, 'मी हाय तवर शेताकडं कोण बघायचं न्हाई.' बरोबरच्यांनी विकून बंगले बांधले. गाव असं उरलंय तरी कुठं? यंदा लक्ष्मीची यात्रा आहे, घरटी पट्टी बसली आहे, पंच कमिटीची मिटिंग रोज चालते, तेवढं सोडलं तर गावपण काही नाही. बाबांना कसं समजवायचं?"

बाबांना समजवायचं नंतर बघू. आधी ते ५१,००० परत करा. ज्याच्या नावावर जमीन नाही त्यानं इसार घेतला, हे उद्या कोर्टात सांगताना तुमची जीभ अडखळेल. बाबांच्या कानावर ते चावडीवरून गेलं तर घरात काय होईल ते तुम्ही जाणता. पैसे रोख दिले असतील तरी परत देताना खात्यातून द्या आणि पोच घ्या. एजंट म्हणेल, राहू देत, घाई काय आहे. त्याला घाई नसते ती याचसाठी. इसार घरात पडून राहिला की घरातली माणसं हळूहळू 'विकलंच आहे' असं बोलायला लागतात.

आता गाव उरलं नाही या वाक्याकडं येतो, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे आणि तो मला पटत नाही. रोज मिटिंग होते, घरटी पट्टी बसते, आणि गावपण काही नाही? ज्या गावात बंगल्यावाला आणि पत्र्याच्या घरातला एकाच जाजमावर बसून रथाच्या दोरखंडावरून भांडतात, ते गाव मेलं असं कसं म्हणायचं? वडगावकडं बघा. वडगाव महापालिकेत जाऊन किती काळ लोटला. तिथं मागाचे कारखाने आले, गल्ल्या दाटल्या, शिवाराचा मोठा भाग घरांखाली गेला. तरी आषाढात मंगाईची यात्रा भरते आणि यात्रेआधी वार पाळतात. त्या वारी शेतात कुणी काम करत नाही. ज्याच्याकडं शेतच राहिलं नाही तोही त्या दिवशी घरात वार पाळतो. अनगोळ, शहापूर, मजगाव, जुनं बेळगाव यांचंही तसंच. महापालिकेच्या कागदावर ते वॉर्ड आहेत, खरं लग्नाची पत्रिका द्यायला गेलात तर गल्लीतल्या पंचांना आधी द्यावी लागते.

म्हणून शेत, घर आणि गाव यांची तुम्ही जी एकच मोळी बांधली आहे, ती आधी सोडा. शेत विकूनही गाव राहतं. उलट शेत राखूनही माणूस गावाबाहेर पडतो, हेही खरं. तुमच्या गल्लीत असा एखादा असेलच, ज्याचं शिवार शाबूत आहे खरं लावणीला तो कुणाच्या बांधावर जात नाही.

जे गेलं ते मात्र गेलंच, त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. पैऱ्यानं लावण करणं संपत आलं. आज आमच्यात, उद्या तुमच्यात, असं रोपाला रोप देऊन चाललेलं काम आता टेम्पोतून आणलेल्या बायांवर आणि रोजावर चालतं, आणि त्या बायाही वेळेला मिळत नाहीत. बैलजोडी दारात असलेली घरं बोटांवर मोजावीत. मळणी मशीननं होते, खळं म्हणजे काय हे पोरांना सांगावं लागतं. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती एकेकाळी घरात शिजला की वास गल्लीत कळायचा. आता बाजारात त्याच नावानं काय काय विकतात ते देव जाणे. हे सगळं शहरानंच केलं असंही नाही. रोजगार हमखास मिळायला लागल्यावर कमी मिळकतीचं आणि जास्त कंबरमोडीचं काम कोण करणार? तुम्ही स्वतः शिफ्ट करून आल्यावर कोळपायला जाता का? मीही गेलो नसतो.

तुमच्या बाबांचं वय ७१ म्हणालात. १ मार्च १९७४ ला कर्नाटकात कुळांच्या जमिनी सरकारकडं निहित झाल्या आणि कसणाऱ्याला त्या मिळवण्यासाठी फॉर्म ७ भरून लँड ट्रिब्युनलपुढं जावं लागलं. तेव्हा बाबा विशीच्या आसपास होते. आजोबांबरोबर तालुक्याला हेलपाटे घालणारा, साक्षीदारांना चहा पाजणारा, मालकाच्या माणसांची नजर चुकवणारा पोरगा बहुधा तेच असणार. त्याआधी याच दीड एकरातला भात खंड म्हणून दुसऱ्याच्या वाड्यावर ओतला जायचा. तुम्हाला ती जमीन वारशात दिसते. त्यांना ती जिंकलेली आहे. पत्रात तुम्ही 'कूळ कायद्यात मिळालेली' हे तीन शब्द लिहून पुढं गेलात. त्या तीन शब्दांवर एक अख्खी संध्याकाळ बाबांजवळ बसा. निमित्त लागत असेल तर सोपं आहे: ट्रिब्युनलचा निकाल आणि फॉर्म १० चा दाखला कुठं ठेवलाय ते विचारा. कुठल्याही विक्रीला, कर्जाला, वाटणीला तो कागद लागणारच आहे. ट्रंक उघडली की बोलणं आपोआप निघेल, आणि समजावण्याचं काम उलट्या दिशेनंही होऊ शकेल.

बहिणीबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिलीत. तिचा प्रश्न नाही म्हणता. पहिला प्रश्न तिचाच आहे.

२००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. कर्नाटकात तर त्याच्या आधी, १९९४ साली, तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना तो राज्याच्या कायद्यानं दिलेला होता. लग्न झालंय, वडील तेव्हा हयात नव्हते, असल्या सबबी सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली निकालात काढल्या. तुमची जमीन कूळ हक्कातली, म्हणून ती एकत्र कुटुंबाची धरायची की बाबांच्या एकट्याची, हे कागद बघून वकील सांगेल. खरं कसंही धरलं तरी बहीण तुमच्या बरोबरीला येते. कुटुंबाची असेल तर आजच, बाबांची एकट्याची असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नाही तर त्यांच्या मागं. म्हणून शहाणा खरेदीदार तिची सही मागतोच. तुमच्या एजंटानं ती मागितली नसेल तर एवढ्यावरूनच तो कसला व्यवहार करतो ते ओळखा.

आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणीला यात्रेला बोलवायचं, साडी-चोळी करायची, दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तिच्यापुढं हक्कसोड पत्र ठेवायचं. ती सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. मग त्याच जमिनीचे प्लॉट पडतात, भावाच्या दारात चारचाकी उभी राहते, आणि ती मात्र रक्षाबंधनाला तिकिटाचे पैसे मोजून येते. हे मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. गावपण गेलं असं तुम्ही म्हणता तेव्हा त्या गावपणात तुमची बहीण कुठं बसते, हे स्वतःला विचारा. तिनं खुशीनं सोडलं तर तिचा मोठेपणा. सोडायला लावलं तर तो तुमचा व्यवहार.

आता व्यवहाराचं बोलू. एजंटानं दर गुंठ्यावर सांगितला असणार. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुमचे ६० गुंठे म्हणजे ६५,३४० चौरस फूट. तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा, म्हणजे नुसत्या भागाकारानं ५४ प्लॉट. रस्ते, गटार, मोकळी जागा सोडली की हा आकडा पुष्कळ खाली येतो, आणि एजंटाचा नफा किती हे त्या खाली आलेल्या आकड्यावरून काढायचं असतं. आजूबाजूला तयार प्लॉट काय भावानं जातो ते विचारा, गुणाकार करा, एन.ए., बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आणि रस्ते-गटाराचा खर्च वजा करा. उरलेल्यात तुमचा वाटा किती आहे ते दिसेल. बरोबरच्यांचे बंगले बघून तुमचा जीव खालीवर होतोय, त्यातल्या किती जणांनी हा हिशेब केला होता ते एकदा विचारून बघा. बंगल्याचा रंग उडायच्या आत शिल्लक संपलेली घरंही त्याच गल्लीत सापडतील.

दुसरी गोष्ट, व्यवहार कसा होणार आहे? एन.ए. न करता, मंजुरी न घेता, नुसत्या बाँड पेपरवर गुंठे विकायचे प्रकार बेळगावच्या चारी बाजूंना झालेत. घेणारा फौंड्रीतला कामगार, नाहीतर दुसऱ्या तालुक्यातून आलेला गवंडी. आयुष्यभराची पुंजी घालून तो घर बांधतो आणि मग त्याला ना नीट खरेदीपत्र, ना ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मिळकत नोंदीचा) उतारा, ना बँकेचं कर्ज. उताऱ्यावर बाबांचंच नाव राहतं, त्यामुळं शिव्या खायलाही तेच राहतात. असला व्यवहार कितीही दर आला तरी करू नका.

दर एकाएकी का वाढला याचंही कारण आहे. २०२० पर्यंत कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती. त्या वर्षी भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढून टाकली आणि पैसा असलेल्या कुणालाही दार उघडं झालं. त्यामुळं तुमच्या बांधाला येणारा माणूस भात लावायला येत नाही, थांबायला येतो. त्याला थांबायची ताकद आहे. तुमच्याकडं ती आहे का, हा खरा हिशेब.

आणि एजंटाचं ठरलेलं वाक्य तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला ऐकू येतंय: "आत्ता दिला नाही तर रस्त्यात जाईल, मग सरकार टाकेल ते घ्यावं लागेल." हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनात या भागातल्या शेतकऱ्यांचं काय झालं हे डोळ्यांपुढं असल्यामुळं ते वाक्य लागू पडतं. तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या अधिसूचनेत आलाय का, ते एकदा स्वतः जाऊन बघून या. नसेल आला तर ती धमकी पोकळ आहे. आला असेल तर एजंटाला ते तुमच्या आधी कळलेलं असू शकतं, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ठरलेल्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम वर मिळते. फक्त ती मूळ किंमत काढताना नोंदवलेली खरेदीपत्रंही बघतात, आणि आपल्याकडं मुद्रांक वाचवायला खरेदीत किंमत कमी दाखवायची सवय. ती सवय मग संपादनात अख्ख्या शिवाराला भोवते.

कराचंही विसरू नका. शेतजमिनीला प्राप्तिकर नाही, असं गावात सगळे सांगतात. बेळगावएवढ्या लोकसंख्येच्या शहराला ते महापालिका हद्दीपासून सहा किलोमीटरच्या बाहेर लागू. आत असाल तर भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळू शकते, त्याच्या अटी सी.ए.कडून समजून घ्या.

पाणी तुंबण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही ते विकण्याचं कारण म्हणून लिहिलंत याचं नवल वाटलं. शेत नापीक झालेलं नाही, शेजाऱ्यानं केलंय. भाताला तुंबलेलं पाणी काही दिवस चालतं. भात कापल्यावर त्याच ओलीवर येणाऱ्या मसूर, वाटाणा, हरभऱ्याला साचलेलं पाणी म्हणजे मूळकूज. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, पावसाळा आला की त्यांचं पीक आणि झोप दोन्ही पाण्यात. तुमच्याकडं उपाय आहे. गावनकाशा काढा आणि जुना ओढा किंवा पाण्याची वाट कुठून जात होती ते बघा. उताऱ्यात ब-खराब म्हणून दाखवलेली नाल्या-वाटेची जागा सरकारी असते. ती लेआउटवाल्याला बुजवता येत नाही, विकता तर त्याहून येत नाही. मोजणी मागवा, तहसीलदारांकडं अर्ज द्या, आणि अर्जावर सही बाबांची असू दे. बरोबर बांधाला बांध लागून असलेल्या आणखी चौघांच्या सह्या घ्या. एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो.

बाबा या कामाला तुमच्यापेक्षा उपयोगी आहेत. पावसाळ्यात सकाळी बांधावर जाऊन खेकड्यानं कुठं भोक पाडलंय ते टाचेनं चाचपून बघायचं, तिथला चिखल काढून दुसरा थापायचा, वरच्या वाफ्याचं पाणी खालच्याला किती सोडायचं ते नुसत्या आवाजावरून ठरवायचं. हे ज्यांना येतं त्यांना पन्नास वर्षांपूर्वी ओढा कुठून वाहत होता तेही आठवतं. सर्व्हेअरला जागेवर तोच माणूस लागतो. हा अर्ज उन्हाळ्यात नाला कोरडा असतानाच मार्गी लावा. मृगात धावाधाव करून काही होत नाही.

बायकोबद्दल. पत्रात त्या एका वाक्यापुरत्या आल्या, त्याही फ्लॅट मागणारी म्हणून. त्यांना फ्लॅटच हवाय का, हे विचारलंत का? उद्यमबाग तुम्हाला जवळ, मुलांची शाळेची बस दारात येत असेल, तरी त्यांना गाव सोडायचं असेल तर कारण किलोमीटरमध्ये नाही. स्वतःची चूल, दार लावून घ्यायची मोकळीक, पाहुणे आले की न विचारता चहा टाकायला लागू नये एवढं हवं असतं कित्येकींना. तेवढं वरचा मजला चढवूनही होतं, आणि त्यासाठी दीड एकर विकायला लागत नाही. त्यांना खरंच शहरात जायचं असेल तर त्यातही चूक काही नाही. भाड्यानं वर्षभर राहून बघा. सासू-सासऱ्यांपासून दहा मिनिटांवर राहणं हे गाव सोडणं नव्हे.

मुलांच्या माध्यमाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून एवढंच: मराठीत शिकवा नाहीतर इंग्रजीत, कन्नड वाचायला मात्र पक्कं शिकवा. सीमाप्रश्नात आपण कुठंही उभे असू, उतारा, नोटीस आणि अधिसूचना हातात पडते ती कन्नडमध्ये. आपल्या माणसांनी न वाचता अंगठे आणि सह्या दिलेले किती कागद आज कोर्टात पडलेत!

आणि भाऊ. त्याची गरज खोटी नाही. पुण्यात भाडं भरून तो दमला असणार. त्याला फोनवर 'बाबा ऐकत नाहीत' एवढंच सांगत राहिलात तर तो बाबांवर चिडेल आणि तुमच्यावर संशय घेईल. त्याला आकडा विचारा. डाउन पेमेंटला कमी किती पडतात? बहुधा ती रक्कम ६० गुंठ्यांच्या किमतीहून पुष्कळ कमी निघेल. मग चौघं मिळून, बाबा, तुम्ही, तो आणि बहीण, असा विचार करता येईल की रस्त्याकडचे काही गुंठे रीतसर एन.ए. करून, नोंदणी करून द्यावेत आणि बाकीचं बाबा आहेत तोवर राहू द्यावं. माझं मत या बाजूला आहे. दहा-पंधरा वर्षांनी चारी बाजूंनी घरं आल्यावर मधे भात पिकवणं कठीण होईल, हे मला दिसतंय आणि बाबांनाही दिसत असणार. खरं तेव्हा विकणं हा तुमचा निर्णय असेल, आज तो एजंटाचा आहे.

बाबा काहीच ऐकायला तयार झाले नाहीत तर? तर या वर्षी विकू नका. नाल्याचा अर्ज करा, लावण करा, भावाला जमेल तेवढी मदत बँकेतून उभी करा. ७१ वर्षांच्या माणसाच्या हातातून त्याचं शेत त्याच्या देखत काढून घ्यायला जेवढी मोठी अडचण लागते, तेवढी तुमच्या पत्रात मला कुठं दिसली नाही.

यात्रेचं आवतण द्यायला बहिणीकडं जायचंच आहे, तर फोनवर उरकू नका, जाऊन या, आणि बायकोलाही बरोबर न्या. शेताचा विषय काढायचा तो तिच्या घरी, तिच्या नवऱ्यासमोर, जेवणाच्या आधी काढा. देवी गदगेवर बसलेली असताना, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तुमच्या दारात काढू नका. ती काय म्हणाली ते मला कळवा. तिनं वाटा मागितला तरी कळवा.